पंखांचं अर्धं तिकीट

स्वारगेटला कंडक्टर म्हणाला, हे काय?
मी म्हटलं, पंख.
त्याने पंखांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं,
मागच्या माणसाकडे पाहिलं, साक्षीला असल्यासारखं,
आणि हैदराबादपर्यंतचं अर्धं तिकीट काढलं.
पाचाच्या वरचे दिसतात, म्हणाला,
पण बारा पूर्ण नाहीत.

दिवसा मी सातारा रोडला हाडांच्या दवाखान्यात
प्लास्टर घालते. मनगटं, घोटे,
स्कूटरवरून पडलेले काका,
जे अजून सांगतात की चूक समोरच्याची होती.
उरल्यासुरल्या पट्ट्या घरी येतात.
मुखवट्याचा साचा माझ्याच तोंडावर घेतला,
नाकात दोन स्ट्रॉ, वीस मिनिटं निपचित.
नेमक्या तेव्हा वरच्या शकूताई विरजण मागायला आल्या
आणि न वळता चार पायऱ्या मागे गेल्या.

पंख छत्र्यांचे.
जुन्या बाजारात बुधवारी, वीसला एक मोडकी,
दांडा नको म्हटलं तरी भाव तोच.
एका पंखाला सोळा काड्या.
वर काळं रेक्झिन, बोहरी आळीतलं.
मुर्तजाभाई कापड अंगठ्याने चोळतात, विचारतात,
हा कितवा सोफा?
सात वर्षांत त्यांच्या हिशेबी माझ्या दोन खोल्यांत
अठरा सोफे आहेत.
मी नाही म्हणत नाही.

शेपटी दुभंगलेलीच हवी, कोतवाल पक्ष्याची असते तशी.
पहिली, फोमची, इंदूरला स्टेशनातच माना टाकून बसली.
दुसरी गॅसवर पाइप तापवून वाकवली;
दोन दिवस आमटीला प्लास्टिकचा वास.
तिसरी आहे ही.

हैदराबादच्या त्या मोठ्या हॉलमध्ये
सगळ्यांना सगळे ओळखू येत होते.
मला एकाने विचारलं, कावळा का?
एकाने विम्याचं माहितीपत्रक मागितलं.

तर, कोतवाल.
दिवसा घड्याळं दुरुस्त करणारा माणूस,
रात्री काळा, शेपटीला दोन टोकं,
आपल्याहून तिप्पट घारींच्या मागे लागणारा.
एकूण अंक अकरा.
अप्पा बळवंत चौकात फूटपाथवर, गाइडांच्या गठ्ठ्याखाली.
अकराव्याच्या शेवटच्या चौकटीत
त्याला पाण्याच्या टाकीवरून ढकलतात.
पंख कापलेले. खाली गावाचे दिवे.
कोपऱ्यात, बारीक अक्षरात: क्रमशः.

मी नऊ वर्षांची होते.
तो शब्द मी बाबांना विचारला,
ते म्हणाले, म्हणजे पुढे आहे.

दर शनिवारी जायचे.
दुकानदार आधी म्हणाला, पुढच्या आठवड्यात.
मग म्हणाला, छापखान्याचं काहीतरी झालंय.
मग मला लांबून पाहूनच मान हलवायचा.
माझी दहावी झाली, नोकरी लागली,
बाबांची खुर्ची कुणालातरी देऊन झाली.
तो अजून हवेत.

त्या रात्री सोलापूरला एक आजी चढल्या.
पंख सीटवरून उचलायच्या आत
त्यांनी त्यांवर डोकं टेकलं.
झोपल्या, थेट हैदराबादपर्यंत.
सकाळी रेक्झिनवर खोबरेल तेलाचा डाग,
बशीएवढा.
बाकी सगळं पुसते मी, दर ट्रिपनंतर, ओल्या फडक्याने.
तेवढा सोडून.

तिकीट बिस्किटांच्या डब्यात आहे.
शाई उडाली. आता नुसता कागद,
त्याला आडवं धरलं तर कुठे ‘अर्धे’ दिसतं, कुठे नाही.

पुढच्या महिन्यात बंगळुरू.
रजा मंजूर, कारण लिहिलंय घरगुती.

चित्रातल्या माणसाच्या उंचीवरून
मी टाकी मोजली: पंधरा मीटर.
म्हणजे पडायला पावणेदोन सेकंद.
धनकवडीच्या गच्चीवर रात्री, वाळवणाच्या दोऱ्यांमध्ये,
मोबाइलवर वेळ लावून
मी पंख उघडून पाहते.
चार लागतात.
परवा साडेतीन लागले.

स्प्रिंग बदलून बघते.